पोरीच्या डोक्यावरची शपथ

ती केस अजूनबी माझ्या डोक्यातनं जात न्हाय. होमगार्ड घरच्यांनी सोडायला लावलं, त्याला वर्ष होत आलं, तरीबी. मी कशीबशी दहावी पास, चुका असतील, पण झालं तसं सांगते. नाव कुणाचंच घेत न्हाय.

निवडणुकीला चार दिवस होते. मला कुंभारीच्या नाक्यावर बंदोबस्त. दुपारी ठाण्यात फोन आला, विडी कामगारांच्या वसाहतीत वाटप चालू हाय. भरारी पथक पळालं. तितं बघतंय तर उमेदवाराच्या बायकोनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलेलं. बायका आत, पोलीस दारात. "हळदीकुंकवाला पण आचारसंहिता लागती व्हय साहेब?" म्हणून ती हसली, आन पथक तोंड पाडून परत.

पथकाचे साहेब वैतागून आमच्या नाक्यावर आले. माझ्याकडं बघून म्हणले, "ताई, तुम्हाला लहान मुलगी आहे ना? साडी नेसा, तिला घेऊन आत जा. फक्त बघून या." मी व्हय म्हणले, घरी जाऊन साडी नेसले आन पोरीला घेऊन निघाले.

आत लई गर्दी. कुंकू लावलं, तीळगूळ दिला, आन वाण म्हणून लाल कापडाची पुरचुंडी. वाण नको कोण म्हणतंय? सवाष्णीनं वाण परत केल्यालं कुणी बघितलंय का? पण पुरचुंडी द्यायच्या आदी उमेदवाराच्या बायकोनं, सगळ्यांच्या वहिनीसाहेबांनी, माझ्या पोरीला जवळ ओढलं, माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला आन गोड आवाजात म्हणल्या, "म्हण, मत तुमालाच." पोरगी माझ्याकडं बघून हसायली. मी म्हणले. काय करू, सगळ्या बघत होत्या, तोंडातनं निघूनच गेलं.

बाहेर येऊन पुरचुंडी सोडली. चांदीची जोडवी. ती साहेबांना दिली, शपथेचं मातर सांगितलं न्हाय.

पथक परत आलं. पंचनामा झाला. बायकांना समाजमंदिरात बसवलं, महिला हवालदार जबाब घ्यायला लागल्या. एकीचं उत्तर तेच दुसरीचं. "हळदीकुंकू होतं. वाण घेतलं. बास." वहिनीसाहेब तर उलट तावातावानं, "जोडवी काय लाच असती का? सवाष्णीचं लेणं हाय ते!" साहेबांचंबी तितंच अडलं. कुणी शपथेचं बोललंच न्हाय तर ते नुसतं वाणच की. आन त्या का बोलत न्हाईत ते मला एकटीलाच कळत होतं. चांदीसाठी न्हाय. लेकरासाठी.

मग मला काय झालं ठाऊक न्हाय, पोरीला कडेवर घेऊन मधी उभी राहिले. "मीबी शपथ घेतलीय. हिच्या डोक्यावर हात ठेवून. आन मी ती मोडतेय, सगळ्यांसमोर." हात कुणी ठेवला, काय म्हणायला लावलं, सगळं सांगून टाकलं, दम न घेता.

"लेकराचं वाटोळं करशील, सटवे!" वहिनीसाहेब किंचाळल्या.

"लेकरू मधी तुमी आणलं, मी न्हाय!"

मग कोपऱ्यातली म्हातारी अक्का उठली, जलमभर विड्या वळून बोटं काळी पडल्याली. "माझ्या नातवावर हात ठेवायला लावला हिनं. लिव्ह बाई. अंगठा कुटं लावू?" तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. दिवस मावळायच्या आत नऊ जबाब झाले.

दोन दिवसांनी पोरगी तापली. सासूबाई म्हणल्या, "लागली की शपथ! लेकरापरीस ड्युटी मोठी व्हय गं?" मी रडले, देवासमोर नाक घासलं, खोटं का बोलू. डॉक्टर म्हणले, गावात घरोघरी ताप आहे. तिसऱ्या दिवशी उतरला.

उमेदवार निवडून आला. येऊ दे. पण मला एक कळलं. नुसत्या चांदीनं मत मिळत न्हाय. बायका जोडवी घालतील आन आत जाऊन मनाला येईल ते बटण दाबतील, हे पैसेवाल्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. म्हणून त्याला आपलं लेकरू लागतंय. पैसा त्याचा, पण भ्या आपल्याच घरातलं वापरतोय तो.

आता कोर्टात साक्ष हाय माझी. उमेदवाराच्या माणसांचे निरोप येतायत, लेकराचा विचार कर म्हणून. भ्या वाटतंय, लई वाटतंय. पण तिचाच विचार करतेय की! साक्षीला तिला कडेवर घेऊनच उभी राहणार हाय.