दोन फुटांची बोळ

आमच्या घराच्या समोरच्या भिंतीला चॉकलेटी टाइल्स आहेत. त्या मी पसंत केल्या, इथं दुबईत बसून, फोनवर. मागची बाजू प्लास्टर होऊन पिवळी रंगलीसुद्धा. राहिली होती फक्त उजवीकडची भिंत, शेजारच्या घराकडची. तिच्या उघड्या विटा पावसाळाभर पाणी पीत आणि ते पाणी आतून आईच्या खोलीत उतरत असे. आईचा पलंग त्याच भिंतीला लागून. बाकीचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, पलंग हलवणार कुठे? धंतोलीतल्या डॉक्टरांनी तिची छाती तपासून साफ सांगितलं होतं, ह्या बाईला ओलीत झोपवू नका. मी रजा घेऊन नागपूरला गेलो तो ह्या एका भिंतीसाठी. वीस दिवस हातात होते आणि मृग तोंडावर आला होता.

घर आम्हीच बांधलं. खांब आणि स्लॅब मिस्त्रीचे, पण विटा बायकोनं वाहिल्या, आणि तराई, म्हणजे रोज दोनदा पाइप धरून नव्या भिंतींना पाणी पाजायचं काम, आईनं केलं. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, पण नकाशा मात्र मीच ठरवला. मौद्याच्या रस्त्याला लेआउटमधला छोटा प्लॉट. इंचभर जागा वाया जायला नको म्हणून भिंत कडेपासून फूटभरच आत घेतली. शेजाऱ्यांनीही आधी तेच केलं होतं. मधे दोन फुटांची बोळ उरली. त्या बोळीत दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या उघडतात. हवा येईल, असं मी म्हणालो होतो.

मिस्त्रीनं बोळीच्या तोंडाशी उभं राहून आत पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

"मी नाई घुसत भाऊ त्याच्यात. पयले साफ करा, मंग बोलवा. आन् एवढ्याश्या जागेत खालून फळ्या नाई लागत. वरून झुला सोडा लागते. तुमच्या स्लॅबले दोर बांधाले काई नाई, बाजूवाल्यांच्या गच्चीवर बांधीन, त्याईले विचारून ठेवा."

तो गेला आणि मी आत पाहिलं. गुडघाभर कचरा. वरचा थर सुकलेला, खालचा काळा चिखल, त्यात काहीतरी वळवळत होतं. फुगलेले डायपर. कुजलेल्या हारांचा गोळा. केसांचे गुंते. कबुतरांची घाण भिंतीवरून ओघळून वाळलेली. आणि हाडं, चघळून टाकलेली, मुंग्या लागलेली. आई ह्या भिंतीला डोकं लावून झोपते, एवढंच डोक्यात घोळू लागलं. मी नीट विचार केला नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो.

"काकू! हे काय उकिरडा हाय का? मटण खाता आन् हाडकं आमच्या भिंतीले फेकता? माह्या मायचा जीव जाऊन राहिला या ओलीनं!"

शेजारच्या काकू खिडकीत आल्या. "कोणती हाडकं गा?"

"हे काय, पाहा ना!"

त्यांनी खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

बायको धावत बाहेर आली. "काय बोलले तुम्ही? त्याईच्या घरी अंडंबी नाई शिजत. महानुभाव हायेत ते!"

"मंग हाडकं कोनाची?"

"भाजी बुडाले लागून राहिली असन," असं म्हणून ती आत गेली.

पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, तोंडाला फडकं गुंडाळून मी आडवा होऊन बोळीत शिरलो. सरळ उभं राहायला जागा नाही. पाठ काकूंच्या भिंतीला घासते आणि नाक आमच्या. फावडं फिरत नाही, म्हणून घमेल्यात हातानं भरायचं. दहाव्या-बाराव्या घमेल्याला चपटा झालेला पुठ्ठ्याचा डबा निघाला. त्याखाली अजून दोन. खजुरांचे. दर ईदच्या सेलमध्ये मी घेतो आणि गावाकडं जाणाऱ्याच्या हाती घरी पाठवतो, तेच. वर माझ्याच अक्षरात 'आईसाठी' लिहिलेलं.

मी तसाच बाहेर आलो आणि डबा बायकोसमोर धरला. ती कणीक मळत होती.

"कचऱ्याची गाडी येते तवा माह्या हाताले असंच पीठ रायते," ती मान वर न करता म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्यानं होत नसन त सरका, मी जातो बोळीत."

पलंगावरून आई बोलली, "तिले नको बोलू. मीबी फेकलं हाय. ओट्याजवळची खिडकी हातापाशीच हाय ना."

इथं मी लाँड्रीत काम करतो. हॉटेलांच्या चादरी येतात, त्यांवर काय काय असतं ते सांगत नाही. परक्यांची घाण मी आठ वर्षं हातमोजे घालून काढली, कधी ओकलो नाही. त्या दिवशी मात्र नळाशी बसून ओकलो. अंगाला वास येत होता तो आमच्या घराचा होता.

तीनदा साबण लावून अंघोळ केली आणि काकूंच्या दाराशी गेलो. गच्ची मिळाली नाही तर झुला नाही, झुला नाही तर भिंत नाही.

"काकू, चुकलं माह्यं. आमचीच होती हाडकं."

"हात धुतले का?"

"तीनदा."

"आखीन धू. तिकडं नळ हाय."

मी धुतले. काकू बघत होत्या.

"लोकायच्या चादरी धुतो म्हन्ते तुही माय. आपल्या बोळीची बारी आली त बोंब मारली, नाई का?"

मी ओले हात पँटला पुसले.

"तुह्या भिंतीच्या तराईले पाणी कुठून आलं, माहीत हाय का तुले?"

मला माहीत नव्हतं.

"माह्या बोअरचं. तुही माय रोज दोन खेपा पाइप लावे. गच्चीले कुलूप नसते, बांध म्हनावं दोर." मी वळलो तर मागून म्हणाल्या, "आन् ते हार माहे हायेत. केसंबी असतीन."

दुसऱ्या दिवशी खालची फरशी लागेपर्यंत मी बोळ उपसली, आणि पुढच्या चार दिवसांत भिंत झाली. मिस्त्री झुल्यावर लटकून प्लास्टर मारत होता, काकूंच्या गच्चीवरून माल खाली सुटत होता. मी निघालो तेव्हा तराई अर्धवट राहिली होती. ती काकूंनी पूर्ण केली, स्वतः पाइप धरून, वरून. त्यांचे आभार मानायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत. हाताचा वास विमानातही जात नव्हता, हेही खरं.

आता पाऊस सुरू झाल्यापासून मी रोज फोन करतो. पहिला प्रश्न आईच्या खोकल्याचा, दुसरा भिंतीचा. काल बायकोनं आतली भिंत दाखवली. कोरडी होती. आई पलंगावरून म्हणाली, "झोप लागली रे बाप्पा."

"खिडकीतून खाली दाखव," मी म्हणालो.

"रोज काय पाहता तेच तेच?"

"दाखव ना."

तिनं स्वयंपाकघरात जाऊन फोन खिडकीबाहेर काढला. राखाडी, ओली, सपाट भिंत, खाली स्वच्छ फरशी, आणि फरशीवर अंड्याचं एक टरफल.

"काकूचं असन," बायको म्हणाली.

मग फोन खिडकीत टेकवून ती निघून गेली. बराच वेळ स्क्रीनवर नुसती भिंत होती. नंतर खालून झाडूचा आवाज यायला लागला.