जांदिरा मोठा ढोल वाजवते

आमच्या टेकडीवर टाळी चुकणारं माणूस एकच होतं, आणि ते नेमकं आनाक्लेतो उस्तादांच्या घरात जन्माला आलं.

टेकडीचं सांबा नाचगाण्याचं पथक उभं केलं ते या आनाक्लेतोंनी. आठवडाभर गोदीत हमाली करायचे आणि शनिवारी दुपारी पाण्याच्या टाकीखालच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना ढोल शिकवायचे. त्यांचा मुलगा बीरा चालायच्या आधी डबे बडवायला लागला. थोरल्या जांदिराचं मात्र वेगळंच. कुणाचा वाढदिवस असला, केकभोवती टाळ्या आणि गाणं सुरू झालं, की दोन ओळींत हिची टाळी भलतीकडे जायची आणि शेजारच्या चौघांनाही घेऊन जायची. “जांदी, तू जरा केक धर,” असं कुणीतरी म्हणायचंच. वडिलांनी तिच्या हातात सगळं देऊन पाहिलं. डफ दिला, घंटा दिली, खुळखुळा दिला. शेवटी म्हणाले, “पोरी, तुझे हात शिवणाला चांगले आहेत. पथकाला कपडेही लागतातच की.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण जांदिरा ते विसरली नाही.

मी निल्झा, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत, त्यामुळे तिचं शिवणाचं मशीन मी रोज सकाळपासून ऐकत आलेय. कार्निव्हल असो, चर्चची मिरवणूक असो, कोळ्यांचा सण असो, पथक जिथे जाईल तिथे आमच्या सगळ्यांच्या अंगावर तिने शिवलेलं जाकीट. मी छोटा डफ वाजवते, रस्त्याच्या मधून चालते. ती कडेने चालायची, गर्दीचे धक्के खात, पिशवीत सुईदोरा आणि जास्तीची बटणं घेऊन. एकदा तिला म्हटलं, “अगं घरी बस ना, टीव्हीवर रिओची मोठी पथकं बघ.”

“टीव्हीतला ढोल छातीत वाजतो का?” ती म्हणाली.

मग एविलासियो गेला. वारला नाही, मुलीने त्याला साओ पावलोला नेलं, नातवंडं सांभाळायला.

पथकात मोठे ढोल दोन. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि बाकीची सगळी वाद्यं या दोघांच्या खांद्यावर बसून नाचतात. विचारणारा ढोल एविलासियोचा होता. त्याच्या जागी माणूस मिळेना. तरुणांना हवी असतात तडतडणारी वाद्यं, ज्यात मिरवता येतं. मोठ्या ढोलावर एक ठोका द्यायचा आणि पुढचा येईपर्यंत गप्प राहायचं. ते गप्प राहणंच कुणाला जमत नव्हतं. वडिलांच्या मागे पथक चालवणाऱ्या बीराने एकेकाला उभं केलं आणि एकेकाला घरी पाठवलं.

नाताळ होऊन गेला होता. बीरा जाकिटाचं माप द्यायला बहिणीकडे आला होता, मी तिथेच बसून जाकिटांना टिकल्या लावत होते.

“मला दे तो ढोल,” जांदिरा म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बीराला वाटलं आपण भलतंच ऐकलं.

“काय?”

तिने टाचण्या काढल्या. “एविलासियोचा ढोल. मला दे.”

बीरा इतका हसला की खांद्यातली टाचणी त्यालाच टोचली. “जांदी, अगं तू टाळ्या वाजवल्यास तर मिरवणूक उलटी फिरते!”

“टाळ्या हाताने वाजवतात. तू पाय बघ.”

ती मशीनवर बसली, सुईखाली एक पट्टी सरकवली आणि पायडल मारू लागली. बीराने तिला चुकवायलाच टेबलावर बोटांनी ठेका धरला. उलटे ठोके, आडवे ठोके, मध्येच थांबणं, मध्येच धावणं. पायडल हललं नाही. बाहेरून गॅसवाल्याचा ट्रक आपलं गाणं वाजवत गेला. मी मुद्दाम कात्री पाडली. पायडल तसंच. पट्टी संपली, सुई नुसती हवेत टाके घालत राहिली, आणि पाय एकसारखा खाली-वर.

बीराची बोटं थांबली.

“हे तुला कधीपासून येतं?”

“तू शाळेत जात होतास तेव्हापासून. तुझ्या सगळ्या चड्ड्या याच पायाने झाल्यात.”

दुसऱ्या शनिवारी तो ढोल तिच्या खांद्याला लागला. बीराने एकच सांगितलं: हाताकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं, पाय पडला की काठी पडली पाहिजे. सुरुवातीला ती रागावलेल्या कोंबडीसारखी जागच्या जागी पाय आपटत होती, पण ठोका पडत होता आणि जागेवर पडत होता.

अडचण होती ती जेनेझियोची. उत्तराचा ढोल त्याच्याकडे. धंद्याने न्हावी, दिसायला रुबाबदार, मिशीवर फार जीव. आणि आपल्याला आनाक्लेतोंनी स्वतः निवडलंय हे सांगितल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे.

“मी शिंपिणीला उत्तर देणार नाही,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “तुझ्या बापानेच तुला ढोलाला हात लावू दिला नाही, जांदिरा. त्यांना काय कळत नव्हतं?”

जांदिराने पट्टा खांद्यावर नीट केला.

“त्यांनी माझे हात बघितले, जेनेझियो. पाय बघायचे राहून गेले. तू बघ. नाहीतर आरशात मिशी बघत बस.”

पोरं फिसकन हसली. जेनेझियोने उत्तर दिलं खरं, पण प्रत्येक ठोका जरासा उशिरा, रुसलेल्या जावयासारखा.

जानेवारीत संत सेबास्तियांवची मिरवणूक आली, आणि तिथे तिचं नाक कापलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या मधून चालायचं, म्हणून बाईने जाकिटाला चंदेरी झालर लावली आणि उंच टाचांचे पांढरे बूट घेतले. चर्चकडे जाणारा उतार गोल दगडी गोट्यांचा. पाय लटपटले, पायाबरोबर काठी लटपटली, आणि बघता बघता सगळं पथक दगडांवर सांडलेल्या तांदळासारखं विखुरलं. मूर्ती खांद्यावर घेतलेल्यांची पावलं चुकली, संत एका बाजूला कलले, पाद्रीबाबांनी मागे वळून पाहिलं. जेनेझियोने ढोल खांद्यावरून उतरवून रस्त्यावर ठेवला. “झालं समाधान?”

ती तडक घरी गेली. त्यानंतर भिंतीपलीकडे मशीन वाजेना. मला ती शांतता सहन होईना. भात आणि काळ्या घेवड्याची उसळ घेऊन मी गेले, तर ही खुर्चीत बसलेली, पाय गरम पाण्याच्या बादलीत, टाचांना फोड. मला वाटलं आता रडेल. ती चिडलेली होती.

“निल्झा, पायाला जमीनच लागली नाही गं! त्या मेल्या बुटांनी घात केला!”

मला हसू फुटलं, मग तिलाही. त्याच दुपारी तिने जुन्या रबरी चपलांचे तळवे कापले, वर पांढरं कापड शिवलं आणि पातळ तळाचे कापडी जोडे केले. शनिवारी ते घालून टाकीखाली आली आणि सरळ ढोल उचलला. दोघातिघांनी बीराकडे पाहिलं. जेनेझियोने तर तोंड उघडलंच होतं.

“तीच वाजवेल,” बीरा म्हणाला. “ज्याला पटत नसेल त्याने कार्निव्हल गच्चीवरून बघावा.”

गच्चीवरून बघायला कोण जाणार? जेनेझियोही गेला नाही.

कार्निव्हलच्या रविवारी दुपारी आम्ही बंदराच्या रस्त्यावर उभे राहिलो. कपाची स्पर्धा, तीन टेकड्या, तीन पथकं, आम्ही शेवटी. त्या वर्षी गाणाऱ्याचा आवाज सगळीकडे पोचावा म्हणून रस्त्याकडेच्या खांबांना भोंगे बांधले होते. वळणावर जुन्या गोदामाची उंच पत्र्याची भिंत आहे. भोंग्याचा आवाज पुढून यायचा, भिंतीवर आपटून मागून यायचा, आणि दुसरा पहिल्याच्या मागे पडलेला. पहिलं पथक वळणावर गेलं आणि ताल फुटला. दुसरंही तिथेच फुटलं; त्यांच्या उस्तादाने टोपी काढून रस्त्यावर आपटलेली मी पाहिली.

बीराने शिट्टी वाजवली आणि आम्ही निघालो. सुरुवातीला इतकं छान चाललं होतं की अंगावर काटा येत होता. गॅलरीतल्या बायका चादरी हलवत होत्या. मग वळण आलं. मला एका कानात एक ताल, दुसऱ्या कानात दुसरा. माझा डफ कुठे पडावा हे मला कळेना. पुढची रांग भोंग्याबरोबर पळाली, मागची भिंतीबरोबर रेंगाळली. बीरा उलटा चालत दोन्ही हात हलवत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. जेनेझियोची काठी हवेत थांबलेली, त्याला उत्तर द्यायला प्रश्नच सापडत नव्हता.

आणि जांदिरा? तिने ना भोंगा ऐकला ना भिंत. मान खाली, नजर कापडी जोड्यांवर. पाय, ढोल. पाय, ढोल. ती चालत होती आणि ढोल पडत होता.

“जेनेझियो!” ती मान वर न करता ओरडली. “कान बंद कर! पाय बघ माझे!”

जेनेझियोने बघितलं. तिचा पाय पडला, ढोल बोलला. त्याने उत्तर दिलं, आणि या वेळी उत्तर जागेवर होतं. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. छातीत काहीतरी खटकन बसल्यासारखं मला झालं आणि माझा डफ आपोआप त्यांच्यावर जाऊन बसला. मागची रांग आली, मग पुढची. सगळं पथक तिच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि गोदामाला मागे टाकून वळण पार केलं.

तेव्हा बीराने जे केलं ते आधी ठरलेलं नव्हतं. त्याने मूठ आवळून हात वर केला. म्हणजे सगळे गप्प. डफ, घंटा, खुळखुळे, जेनेझियोसुद्धा. मोकळ्या रस्त्यावर एकच ढोल. रस्त्याच्या दोन्ही कडांनी लोक त्या ढोलावर टाळ्या द्यायला लागले, फुटपाथवरून, गॅलऱ्यांतून, गोदीच्या कुंपणावरून, सगळं बंदर तिच्या पायाबरोबर. तिने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरलेले, तोंड उघडं, आणि काठी तरीही चुकली नाही. बीराने हात खाली आणला आणि आम्ही सगळे त्या ढोलावर तुटून पडलो. असं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं.

बुधवारी चौकात गुण वाचून दाखवले. ढोलांना दहापैकी दहा, प्रत्येक परीक्षकाकडून. कप आमचा! चौघांनी जांदिराला खांद्यावर घेतलं, पण बाई भरभक्कम, टेकडीच्या दोन पायऱ्या चढून तिला खाली ठेवलं. ती मात्र परत चौकात जाऊन एका परीक्षकाच्या मागे लागली, कपड्यांना नऊच का दिले म्हणून. “कॉलर वाकडी होती? कुणाची? दाखवा मला!” तिला ओढत घरी आणावं लागलं.

जूनमध्ये कोळ्यांनी संत पेद्रोच्या सणाला पथकाला होडीवर बोलावलं. मूर्ती पुढच्या होडीत, आम्ही मागच्या मोठ्या होडीत, माशांच्या पेट्यांवर बसलेलो. समुद्र खवळलेला. पाण्यावर पाय टेकणार कुठे? लाट आली की होडी कलायची आणि जांदिराचा ठोका घसरायचा. मला काळजी वाटली. ती मात्र अंगभर भिजून खिदळत होती.

“आता गं काय?” मी विचारलं.

“आता जेनेझियोला विचार!”

जेनेझियोची मिशी खाऱ्या पाण्याने चिकटली होती. तो तिच्याकडे बघत होता. ती लाटेबरोबर उशिरा आली की तोही तेवढाच उशिरा यायचा, ती घाईत आली की तोही घाईत. चूक झाली तर दोघांची मिळून, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नव्हती. धक्क्यावर उभे असलेले लोक हात हलवत होते, पुढच्या होडीतले कोळी गात होते, आणि समुद्र जसा डुलेल तसा आमचा सांबा डुलत होता.

“घे, शिंपीणबाई,” जेनेझियो ओरडला, “विचार पुढचं!”

तिने विचारलं.