काफपर्यंतची उर्दू

आमच्या घराण्यात उर्दू वाचता येणारा मी एकटाच, अशी घरच्यांची सात महिने समजूत होती. ती समजूत मीच करून दिली होती.

सुरुवात मात्र खरी होती. सिल्लोडजवळच्या आमच्या गावी निजामाच्या काळातले उर्दू कागद ट्रंकभर पडलेले. कुणालाच वाचता येत नाहीत. एका दिवाळीत जेवता जेवता मी जाहीर केलं, "मी उर्दू शिकणार!" (जेवण चांगलं झालं की माझ्याकडून अशा घोषणा होतात.) औरंगपुऱ्यात हमीद मास्तर नावाचे निवृत्त शिक्षक राहतात. रोज सकाळी सातला मुकुंदवाडीहून स्कूटरनं त्यांच्याकडं जायचं आणि ऑफिसच्या आधी शिकायचं, असं ठरलं. दोन महिने एकही दिवस चुकवला नाही. अलिफ, बे, पे गिरवत काफ या अक्षरापर्यंत पोचलो. बायकोला घेऊन बाजारात गेलो की दुकानांच्या उर्दू पाट्या मोठ्यानं वाचायचो. (दुकान कशाचं आहे ते आधी बघून!)

मग एका सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी येणं म्हणजे सण. घरातल्या प्रत्येक भांड्यासोबत प्रत्येक माणसालाही हजर राहावं लागतं. तो दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी बादल्या उचलून पाठ धरली. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नव्हतं, पण दोन दिवस बुडवल्यावर मास्तरांना तोंड कसं दाखवायचं? आठवडा उलटल्यावर तर कारणही दांडगं हवं, आणि तेवढा दांडगा आजार मला होईना! चांगली सवय मोडायला संकट वगैरे लागत नाही. एक पाण्याचा दिवस आणि वर थोडी लाज एवढं पुरतं.

घरी सांगायचीही लाजच. म्हणून मी रोज वही घेऊन निघायचो आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. तासाभरानं घरी आलो की सुमन, म्हणजे माझी बायको, कौतुकानं चहा पुढं करायची.

"डोळे किती लाल झालेत हो अभ्यासानं!"

मी नम्रपणे मान खाली घालायचो.

अशात एका रविवारी गावाहून तात्या, म्हणजे माझे काका, आले. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला.

"दिल्या, वाच. ट्रंकंच्या तळाला घावला. ह्यात हिरीचं काय तरी असनार. हीर आपलीच हाय, म्या सांगतो!"

विहिरीवरून तात्यांचं आणि भावकीतल्या भगवानकाकांचं पाच वर्षं बोलणं बंद होतं. मी कागदावर नजर फिरवली. पूर्ण कागदात मला एक अलिफ ओळखू आला, आणि तीही बहुधा घडीची रेघ होती.

"वाच की!"

"हो, वाचतो ना," मी घसा साफ केला. "सदर विहीर... किसन वल्द... यांचा कब्जा... वहिवाट..."

"अहो," सुमन म्हणाली, "उर्दू उजवीकडनं वाचतात ना? तुमचं बोट डावीकडनं चाललंय."

"मी उजळणी करतोय!" मी खेकसलो.

पण तात्यांना 'कब्जा' एवढाच शब्द हवा होता. त्यांनी थेट भगवानकाकांना फोन लावला. "भगवान्या! कागद घावला! परवापून मोटरच्या खोलीला कुलूप घालतो. हिरीवर पाय ठिवायचा नाय!"

आता मला घाम फुटला. भगवानकाकांचा मका त्याच पाण्यावर उभा होता. माझ्या थापेपायी तो जागेवर वाळणार! जेवताना खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर सुमन माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढत तात्यांना सांगत होती, "आमचे हे रोज जातात हो, एक दिवस खाडा नाही!" मी पोळीसोबत ते खरंही गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तात्या गावी निघायच्या आतच, भगवानकाका दारात हजर. "आमीबी वाचनारा आनलाय! औरंगपुऱ्यात इचारलं, समदे एकच नाव सांगत्यात."

त्यांच्या मागून हमीद मास्तर आत आले आणि मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे दिलीपराव! सलामत आहात ना? पाच महिने दिसलाच नाहीत, मला तर फिकर लागली होती!"

सुमननं माझ्यासमोर धरलेला चहाचा कप तसाच मागं घेतला. "पाच महिने?"

"ते... नळाला पाणी आलं होतं," मी म्हणालो.

"पाच महिने?"

"म्हंजे काल तू वाचलं ते काय व्हतं रं?" तात्या गरजले.

"अंदाज," मी म्हणालो.

मास्तरांनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. ते गावच्या शाळेच्या हेडमास्तरांचं पत्र निघालं. मास्तर मराठी करून सांगू लागले, "'तुम्हा दोघा भावांचे मुलगे, किसन आणि रघू, दोन महिने मन लावून शिकले. आता शाळेच्या नावानं घरून निघतात आणि तुमच्या दोघांच्या सामाईक विहिरीत पोहत बसतात. मेहेरबानी करून परत पाठवावं. पुन्हा अलिफपासून शिकवू.'"

किसन म्हणजे तात्यांचे वडील, माझे आजोबा. रघू म्हणजे भगवानकाकांचे वडील.

"सामाईक लिव्हलंय?" तात्यांनी हळूच विचारलं.

"साफ लिखा है, तात्या."

"आन् तू म्हनायचा, माजा बा लई शिकल्याला व्हता!" भगवानकाका म्हणाले.

"तुजा बी तिथंच डुंबत व्हता की!"

आणि पाच वर्षं न बोललेली ती दोन म्हातारी माणसं ठसका लागेपर्यंत हसत सुटली. कुलपाचा विषय तिथंच संपला. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू!

"म्हणजे हे खानदानीच आहे तर," सुमन माझ्याकडं बघत म्हणाली.

मास्तर उठताना म्हणाले, "कल सात बजे, दिलीपराव. अलिफ से."

"मास्तर, निदान काफपासून तरी..."

"काफ तक पहुँचे थे, वो दिलीपराव दुसरे थे."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जायला लागलो. पहारा म्हणून सुमनही स्कूटरवर मागं बसून येते आणि बसल्या बसल्या शिकते. तिनं परवा ते आख्खं पत्र न अडखळता वाचलं. मी अजून काफच्या अलीकडंच आहे, चुकलो की मास्तरांच्या आधी तीच म्हणते, "फिर से!" काल मास्तरांनी मला प्रेमानं बाजूला घेतलं. मला वाटलं, कौतुक करणार.

"दिलीपराव, आप रोज आते हो, बहुत अच्छी बात है," ते म्हणाले. "मगर भाभींना स्कूटर चालवता येत नाही का?"