सुन्न हातातला हात

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी मला भोळसट समजायला नको. मांजर आडवं गेलं म्हणून माझ्या नवऱ्याने एकदा धरमपेठेत भर रस्त्यात गाडी थांबवली होती, तर मी घरी पोचेपर्यंत त्याला बोलत होते. मी ॲनेस्थेटिस्ट आहे — भूल देणारी डॉक्टर. भुलीतून उठताना लोकांना देव दिसतात, मेलेली सासू दिसते, आणि त्या सगळ्याला माझ्याकडे औषधाचं नाव असतं. एवढ्या वर्षांत एकदाच नाव सापडलं नाही. तेच लिहिते आहे... आणि खरं सांगू, लिहितानाही बरं वाटत नाहीये.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नागपुरातलंच एक खासगी हॉस्पिटल, नाव नको. दुसऱ्या मजल्यावर थिएटर, बाहेर नातेवाइकांसाठी बाकडी, बाजूला लिफ्ट आणि लिफ्टच्या मागे जिना. दुपारची वेळ. सर्जन साहेबांच्या मोबाइलवर हळू आवाजात जुनी गाणी चालू होती आणि जेवायला काय मागवायचं यावर चर्चा. म्हणजे भुताटकीचं वातावरण म्हणाल तर शून्य.

पेशंट देवरावजी, काटोलकडचे संत्र्याचे बागाईतदार, साठीचे. तोड चालू होती, मजूर फांद्या मोडतात म्हणून रागारागात स्वतः शिडीवर चढले आणि डाव्या हातावर पडले. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. सोबत फक्त बायको, शालूकाकू. मुलगी पुण्याहून निघाली होती. प्लास्टरमधून बाहेर आलेली त्यांची बोटं धरून काकू थेट थिएटरच्या दारापर्यंत आल्या. माधुरी सिस्टरने हात सोडवला तेव्हा सोडला.

"सकाळपासून पोटात काही नाही ना, काका?" मी विचारलं.

"पानी बी नाही जी. तुमीच सांगतलं तं."

आता थोडं औषधांचं, कारण त्याशिवाय माझी भीती कळणार नाही. हाताच्या ऑपरेशनला आम्ही शक्यतो पूर्ण भूल देत नाही. गळ्याजवळच्या हाडामागून हाताच्या नसांचा जुडगा जातो. सोनोग्राफीत बघत तिथे औषध सोडायचं, की खांद्याखाली पूर्ण हात सुन्न. पेशंट जागाच. कोणतं औषध, हा आमचा नेहमीचा वाद. लिग्नोकेन झटकन चढतं, झटकन उतरतं. ब्युपिव्हाकेन हळू चढतं, पण ऑपरेशननंतर बराच वेळ दुखू देत नाही — फक्त चुकून रक्तात गेलं तर हृदयच धरतं, आणि ते हृदय परत चालू करताना भल्याभल्यांची फे फे उडते. रोपिव्हाकेन त्या मानाने सभ्य, पण जरा आधी उतरतं. मी रोपिव्हाकेनवाली. त्या दिवशी सर्जन म्हणाले, दोन हाडं आहेत, दोन प्लेटा बसवायच्या, रात्री हाय-हाय करतील, ब्युपिव्हाकेन दे. दिलं. हिशोबात दिलं, सुईचं टोक डोळ्यांसमोर ठेवून दिलं, दर वेळी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना पाहिलं.

हात सुन्न झाला. स्पिरिटचा बोळा लावला, गार लागेना. सुई टोचली, कळेना. बोट हलवा म्हटलं, हलेना. मध्ये हिरवा पडदा लागला आणि ऑपरेशन सुरू झालं. मी काकांच्या डोक्याशी बसले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मॅडम, घरवालीले आत कोनं येऊ देल्लं जी?"

"कुणालाच येऊ दिलं नाही. काहून?"

"माहा हात धरून राहिली ना ती."

यात नवल काहीच नाही. हात सुन्न झाला की मेंदूला त्याची खबर मिळत नाही, मग तो जुनीच खबर चालवत बसतो. हात टेबलावर आडवा असतो आणि पेशंट सांगतो, छातीवर आहे. मी त्यांना तसं समजावलं. पडद्यापलीकडून सर्जन म्हणाले, "काकूंना सांगा, हात धुऊन या म्हणा." सगळे हसले, काकासुद्धा.

मग काका हसायचे थांबले.

"तिचा हात थंडा पडून राहिला, मॅडम."

"थंड?"

"थंडा. अन् वला. घाम फुटल्यावानी."

मी ताडकन उठले. काकूंसाठी नाही — त्या माझ्या डोक्यातही नव्हत्या. ब्युपिव्हाकेन रक्तात चढू लागलं की पहिली खूण हीच, पेशंट असंबद्ध बोलतो. नंतर झटके येतात, नंतर हृदय. मी मॉनिटर पाहिला. नाडी जराशी वाढलेली, बाकी सगळं जागेवर. कानात काही वाजतंय का? ओठ बधिर झालेत? तोंडात लोखंडासारखी चव येतेय? सगळ्याला नाही. उलट ते माझ्यावरच चिडले.

"मले काईच नाही झालं. तिले पाहा ना तुमी."

सर्जनना थांबायला सांगितलं. गाणी बंद झाली. असल्या वेळी रक्तातलं औषध शोषून घ्यायला लागणारी लिपिडची बाटली — पांढरी, दुधासारखी — जवळ आणून ठेवली. काका आता मान इकडेतिकडे करत होते, उजवा हात पडद्याकडे नेत होते. अशा वेळी झोपेचं औषध द्यायचं, हेच शिकलोय. झटके टळतात आणि पेशंटही शांत होतो. मी मिडाझोलमची सिरिंज सलाइनच्या नळीला लावली. अंगठा दट्ट्यावर ठेवला.

"झोपवू नका मले," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. "हात सुटून राहिला तिचा. खाली चालली ती. कोनी पाहा ना जी... काहून कोनी आयकून नाही राहिलं?"

मी थांबले. शास्त्राने मी दट्ट्या दाबायला हवा होता. पण तो 'वला' शब्द डोक्यात अडकला होता. थंड, घामेजलेला हात आम्ही डॉक्टर ओळखतो, तो भुलीचा नसतो. मी माधुरीला म्हटलं, जा, काकूंना बघून ये.

ती लगेच परत आली. बाकड्यावर पिशवी होती, काकू नव्हत्या. "बाथरूमला गेल्या असतील, मॅडम."

"जिन्यात बघ," मी म्हटलं. 'खाली चालली' म्हणाले होते म्हणून, दुसरं काही कारण नाही. आमच्याकडे जिन्याने कुणी जात नाही, सगळे लिफ्टसाठी उभे राहतात.

ती गेली आणि आलीच नाही. मला पेशंट सोडून हलता येत नव्हतं. सिरिंज तशीच नळीला. काका पुटपुटत होते, "धर ना वं, धर." त्यांचा डावा हात तिकडे दिव्याखाली मढ्यासारखा पडलेला, त्यात उघडी हाडं. सर्जन हळूच म्हणाले, "बोटं तर हलत नाहीयेत ना यांची, मग हे नेमकं धरतायत कशाने?"

मग काकांनी मोठा श्वास सोडला. "धरला. धरला तिनं." आणि अंग सैल सोडून पडून राहिले. नाडी खाली आली. त्यानंतर माधुरी दारात आली, घामाघूम. काकू जिन्याच्या वळणावर पडलेल्या सापडल्या होत्या, अंग थंड, घामाने भिजलेलं. शुगर इतकी उतरलेली की मशीनवर आकडाच येईना. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर आत्ता कुठे डोळे उघडले, म्हणाली. अजून थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी वॉर्डात जाऊन मी काकूंना चांगलंच फैलावर घेतलं. शुगरचा आजार, सकाळी इन्सुलिनची सुई घेतली आणि वर घास नाही?

"त्यायच्या पोटात पान्याचा थेंब नाही, अन् मी कशी गिळू वं बाई?" त्या म्हणाल्या. "सुई तं रोजचीच. ती घेतली."

पेशंटला उपाशी ठेवा हे आम्ही दहादा सांगतो, बायकोने जेवावं हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे घरोघरी अशी एक काकू असते. लिफ्टची भीती म्हणून त्या जिन्याने खाली निघाल्या होत्या, गेटपाशी छोटं देऊळ आहे तिथे हात जोडायला.

"डोयापुढं अंधार आला," त्या सांगत होत्या. "मंग हे आले."

"कोण आले?"

"हे. हात धरला माहा. लय जड हात होता वं त्यायचा, लाकडावानी. मी म्हनलं बी, एवढा भार काहून टाकता माह्यावर. पन सोडला नाही त्यायनं."

सुन्न झालेल्या हाताबद्दल पेशंट नेमकं हेच सांगतात — जड, लाकडासारखा. काकूंचा हात कधी सुन्न केलेला नाही. काका थिएटरमध्ये काय बोलले, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. माधुरी शपथेवर सांगते, तिनेही नाही, आणि काका-काकूंची तोवर भेटच झाली नव्हती.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, सोपं आहे. बायको जेवणार नाही हे नवऱ्याला ठाऊक असणार, ती काळजी सुन्न हाताच्या भासातून बाहेर आली. काकूंचं म्हणाल तर शुगर उतरली की भ्रम होतातच. मान्य. दोन्ही वेगवेगळं मला मान्य आहे. दोन्ही एकत्र ठेवलं की हिशोब जुळत नाही. ब्युपिव्हाकेन की रोपिव्हाकेन यावर मी अजूनही तासभर भांडू शकते, पण त्या दिवशी त्या हातात काय चालू होतं, हे मला दोन्हीपैकी एकाही औषधाच्या पुस्तकात मिळालं नाही.

आता प्लेटा काढायच्या आहेत. गेल्या आठवड्यात दोघं एक्स-रेला आले होते. काका माझ्या खोलीत आले, काकू बाहेर थांबल्या.

"कोनतं बी औषध द्या, मॅडम. तुमाले वाटन ते द्या. पन पुरं झोपवू नका मले."

"काकूंना मी स्वतः समोर बसवून खाऊ घालीन," मी म्हटलं. "काळजी करू नका."

"जेवन हो ती," ते म्हणाले. "पन मी झोपलो, अन् तिचा हात सुटला तं?"

डॉक्टर म्हणून यावर हसायला हवं होतं. मी म्हटलं, नाही झोपवणार.