सुनेत्राचे निवडुंग आणि माझा सल्ला

आयर्लंडमधल्या या मलिंगार गावात मराठी बिऱ्हाडं मोजून अकरा, आणि त्या अकरांचं पंचांग मीच. आंब्याची पानं मिळत नाहीत तर तोरणाला काय लावायचं, दूर्वा म्हणून इथलं कुठलं गवत चालेल, सगळे मला फोन करून विचारतात. अलकाताईला माहीत असतं, म्हणतात. मीही सांगते, फारसा विचार न करता सांगते. सतरा वर्षं परक्या गावात काढली की आपल्याला सगळं कळतं असं माणसाला वाटायला लागतं. सुनेत्राबद्दल लिहायचं तर हे आधी कबूल केलेलं बरं.

सुनेत्रा २०१८ साली आली. नवरा, श्रेयस, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. ही वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी., कोल्हापूरला ज्युनिअर कॉलेजात सहा वर्षं शिकवलेली. इथे तिला काम करायची परवानगी होती, फक्त काम नव्हतं. दीड वर्ष अर्ज पाठवून थकली. आमच्यातल्या बायका म्हणायच्या, आराम कर की, नवरा डॉक्टर आहे. ते ऐकून तिच्या कपाळाची शीर तटतटायची आणि मला तिचा राग आवडायचा. गोडगोड बोलणारी नव्हती. माझ्याकडे हळदीकुंकवाला आली तेव्हा माझ्या सुकलेल्या जास्वंदीची माती बोटाने उकरून बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, पाणी घालघालून मारलीत.

गावाबाहेर एक नर्सरी आहे. तिथे ती वरचेवर जायची. मालकीण मॉरा, साठीची, चिखलाचे बूट घालून फिरणारी. तिचं काचघर सांभाळणारा म्हातारा येत्या सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होता. २०२०च्या फेब्रुवारीत सुनेत्राने ती जागा सरळ मागितली. मॉराने डिग्रीचे कागद बघितलेही नाहीत. हॉलंडहून तयार निवडुंग आणून विकायचा तिला कंटाळा आला होता. म्हणाली, बियांपासून शंभर रोपं कर. सप्टेंबरात जिवंत दाखव, काचघर तुझं.

सुनेत्रा त्या दिवशी चालत माझ्याकडे आली आणि कोट न काढताच मला हे सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्या विषयातलं काही करायला सांगितलं होतं.

शंभर म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. पण निवडुंगाचं बी खसखशीएवढं, आणि रुजल्यावर बाहेर येतो तो बाजरीच्या दाण्याएवढा हिरवा मणी. तो महिनोन् महिने तेवढाच राहतो. त्याला सगळ्यात मोठी भीती बुरशीची. म्हणून तिने बारीक खडी आणि वाळू मायक्रोवेव्हमध्ये भाजून घेतली, पाणी उकळून गार केलं, जर्मनीहून मागवलेलं बी चिमट्याने एकेक करून पेरलं आणि डबे झाकणं लावून बंद केले. आता त्याला ऊब हवी. आयर्लंडच्या मार्चमध्ये ऊब कुठून आणणार? इथे घराघरात गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉटप्रेस म्हणतात, लोक त्यात टॉवेल वाळवतात. सुनेत्राने टॉवेल बाहेर काढले, आत एक छोटा दिवा लावला आणि सहा डबे ठेवले. दोन आठवड्यांनी तिने मला फोटो पाठवला. मला त्यात काही दिसेना, तेव्हा तिने ठिपक्यांभोवती लाल गोल काढून परत पाठवला. दोनशे अकरा.

तोवर करोनामुळे सगळं बंद झालं होतं. श्रेयसची आई, वसुधाकाकू, फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या, त्या अडकल्या. वय बहात्तर. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये असं सरकार सांगत होतं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनी नाही, मुलगा हॉस्पिटलात, आणि हॉटप्रेस होता नेमका त्यांच्या खोलीत. मे महिन्यात रोपं तिथून निघून ट्रेमध्ये, त्याच खोलीतल्या फळीवर आली, वर चौदा तास जळणारी ट्यूब. काकू मला फोनवर सांगायच्या, मेलं हॉटेलात झोपल्यासारखं वाटतं. घरात काटे आणले की भांडणं येतात, असंही त्यांचं म्हणणं होतं. भांडणं होतच होती, पण ती काट्यांमुळे नव्हती.

तरी जुलैपर्यंत काकू निवळल्या. रोज बघून बघून त्यांनाही त्या मण्यांचा लळा लागला. कुठल्याला पहिली लव फुटली ते त्या सुनेच्या आधी सांगायला लागल्या. सुनेत्राने झाकणं काढून रोपं मोकळ्या हवेला सरावायला ठेवली होती. दोनशे अकरांतली एकशे त्रेसष्ट जगली होती, मुगाएवढी झाली होती.

मग श्रावण लागला. पहिल्या सोमवारी सकाळी काकूंचा मला फोन. महादेवावर अभिषेक केला होता, दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं साग्रसंगीत. घरच्यांसाठी काढून ठेवूनही वाटीभर तीर्थ उरलं होतं. सिंकमध्ये ओतायचं नाही, पायदळी जाता कामा नये, बाहेर जायची सोय नाही, अंगण नाही, तुळस नाही. काय करू गं?

मी तेव्हा पोहे परतत होते. म्हटलं, "अहो काकू, घरात झाडं आहेत की एवढी. त्यांत घाला थोडंथोडं. झाडाला घातलं की झालं."

काकूंना ते फार पटलं. नंतर मला कळलं, त्या प्रत्येक ट्रेपाशी हात जोडून म्हणायच्या, काटेरी असलात तरी आमच्या सुनेचे आहात, वाढा. इतक्या महिन्यांत त्यांनी तिला दिलेला तो पहिला मनापासूनचा आशीर्वाद. तोही दूधसाखरेचा.

सुनेत्रा उठायच्या आत त्यांची पूजा आटोपलेली असे. दुसऱ्या सोमवारनंतर तिला ट्रेमध्ये पांढरं सूत दिसलं. तिने बुरशीचं औषध फवारलं, पंखा लावला, कडेची कुजकी रोपं चिमट्याने उचलली. एका जागी कुजलं की शेजारचं मऊ पडायचं. आपलं काय चुकलं हे शोधत ती दिवसदिवस वह्या उलटत बसली. मला फोन करून विचारायची, पाण्यात काही असेल का? मी म्हणायचे, असेल. खरंच सांगते, तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तिसऱ्या सोमवारी ती लवकर उठली आणि काकूंच्या हातात वाटी दिसली.

त्या सकाळी त्या घरात काय झालं ते मी पाहिलं नाही. श्रेयस ड्यूटीवरून आला, त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, झाडंच होती ना, तिकडे माणसं मरताहेत. तो चूक नव्हता, म्हणून तर सुनेत्राला तोंड दाबून बसावं लागलं. सप्टेंबरच्या शेवटी ती उरलेली एकोणीस रोपं घेऊन नर्सरीत गेली. मॉराने ती हातात घेऊन बघितली, नीट वाढवलीस म्हणाली आणि मग इथली माणसं वाईट बातमी सांगताना म्हणतात तेच म्हणाली, "अह, शूअर लूक," म्हणजे आता काय करणार. जागा जवळच्या तुलामोर गावच्या एका मुलीला गेली.

ऑक्टोबरात पुन्हा निर्बंध आले. पाच किलोमीटरच्या आत फिरता येत होतं, म्हणून सुनेत्रा आणि मी दर गुरुवारी कालव्याकाठी चालायला जायचो, दोन मीटर अंतर ठेवून. पहिल्याच गुरुवारी तिने विचारलं.

"ताई, आईंना हे सुचलं कसं असेल? त्या तर झाडांना स्वतःहून पाणीसुद्धा घालायच्या नाहीत."

समोर कालव्याचं काळं पाणी होतं. सांगायला काय, एक वाक्य होतं. पण अलकाताईला माहीत असतं, हे आमच्या अकरा घरांत सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "जुनी माणसं गं. त्यांना काय कळतं?"

ती बरं म्हणाली आणि आम्ही पुढे चालायला लागलो. त्यानंतर हिवाळाभर दर गुरुवारी आम्ही चाललो. ती कमी बोलायची. मी तिची भरपाई करत राहिले, डब्यातून थालीपीठ ने, कधी चकली ने. नोकरीच्या जाहिराती पाठव. आपण किती चांगलं वागतोय याचं मला समाधानसुद्धा वाटायला लागलं होतं, एवढी माझी मजल. काकू फेब्रुवारीत परत गेल्या. विमानतळावर सून पाया पडायला वाकली तेव्हा दोघी रडल्या असं श्रेयसने सांगितलं, आणि मला त्याचं नवल वाटलं.

इथल्या डॉक्टरांच्या बदल्या जुलैत होतात. २०२१च्या जुलैत श्रेयसला डब्लिन मिळालं, सँट्रीत फ्लॅट. सुनेत्राला तिथे एका ऑफिसात डेटा भरायचं काम मिळालं होतं. मी आवराआवरीला गेले. फळी रिकामी होती, ट्यूब काढून ठेवलेली. मला वाटलं, आता सांगून टाकावं, उद्या ही जाणारच आहे. म्हटलं, "सुनेत्रा, मागच्या श्रावणातलं तुला एक सांगायचं होतं."

ती खोक्याला चिकटपट्टी लावत होती. हात थांबवला नाही.

"आईंनी त्याच सकाळी सांगितलं, अलकाला विचारून घातलं म्हणून. मी त्यांच्यावर ओरडले तेव्हा. मला ते खोटं वाटलं. स्वतःवर येऊ नये म्हणून तुमचं नाव घेतात असं वाटलं. म्हणून तुम्हाला विचारलं."

मी काहीतरी बोलायला गेले.

"तुम्ही म्हणालात, त्यांना काय कळतं. मग मी आईंना खोटारडं ठरवलं. दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. नाताळात त्यांनी फोन उघडून दाखवला, त्या सोमवारचा, तुमचा नंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटं."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"सांगाल म्हणून थांबले होते. प्रत्येक गुरुवारी." तिने पट्टी दाताने तोडली. "रोपं चुकून गेली, ताई, त्याचं काही नाही. पण आईंशी मी जशी वागले, ते तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत."

मग तिने मला खोक्याची दुसरी बाजू धरायला सांगितली. ते जड होतं. आम्ही ते दोघींनी मिळून दोन जिने खाली उतरवलं, आणि खाली गेल्यावर ती थँक्यू म्हणाली, दुकानातल्या माणसाला म्हणावं तसं.