आगीवर पाळत ठेवणारे व्याही

आगीला माझ्या व्याह्यांइतका मान देणारा माणूस या भूमंडळावर दुसरा नसेल. यज्ञ करणारेही आहुती टाकली की जेवायला उठतात. आमचे व्याही, म्हणजे सूनबाईचे वडील, आगीवर पाळत ठेवून बसतात. चितेगावला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. काम आटोपलं तरी ते अर्धा तास तिथंच खुर्ची टाकून राहणार. "ठिणगी लई लबाड असती, इवाई," ते मला सांगतात, "माणूस पाठमोरा झाला की डोळे उघडती."

सोयरीक जमली तेव्हा मी त्यांना मानाचं कापड दिलं, चांगलं भारीतलं, चमकदार. त्यांनी ते चिमटीत धरलं आणि भर बैठकीत विचारलं, "हे अंगावर वितळतं का?" सुती कापड येईपर्यंत बैठक ताटकळली. लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले, आणि नळी बदलेपर्यंत जिलेबी लांबली. हार घालताना दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडणार हे कळल्यावर तर वधूपिता वाळूची बादली घेऊन मुलीच्या मागेच उभे राहिले. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत ती बादली आहे. फोटोग्राफरने वैतागून शेवटी तिलाही हार घालायला सुचवलं.

पण त्यांचं खरं वैर रिकाम्या ड्रमाशी. "भरला ड्रम जळतो, रिकामा उडतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आत उरलेली वाफ दिसत नाही, पण ठिणगीला सापडते. म्हणून ड्रम कापायचा तर आधी धुवायचा, मग वाफेला जागाच उरणार नाही इतकं पाणी भरायचं आणि कटर पेटवण्यापूर्वी बूच काढून स्वतः बघायचं. चितेगावचे कारखानदार नव्या पोरांना हे शिकवायला त्यांना मानाने बोलवत.

आता ज्यासाठी लेखणी हातात घेतली ते सांगतो.

एका उन्हाळ्यात मला कढीपत्त्याच्या कुंडीसाठी थिनरचा एक ड्रम कापून हवा होता. व्याह्यांनी संध्याकाळी येऊन तो धुतला आणि काठोकाठ भरून ठेवला. आमच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा. एवढं पाणी कापाकापीत वाया जाणार, या विचाराने माझा जीव तुटायला लागला. पहाटे मी नळी लावून त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी काढलं, स्कूटर धुतली, अंगण धुतलं.

सकाळी व्याही आले. "पाणी हाय ना जसंच्या तसं?"

"काठोकाठ," मी म्हणालो.

त्यांचा हात बुचाकडे गेला आणि परत आला. कुणाच्याही ड्रमात डोकावणारा हा माणूस, पण मुलीच्या सासऱ्याचा शब्द तपासून कसा बघायचा? मला वाटलं, निम्मं पाणी काय आणि सगळं काय.

कटर टेकला आणि झाकण उडालं ते शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलं. व्याही सवयीने बाजूला उभे होते, तोंडावर जाड ढाल होती. जीव वाचला, डावा कान मात्र कायमचा गेला. "लोकांला शिकवता शिकवता मास्तरच उडाला," चितेगावभर झालं. कारखान्यांची बोलावणी थांबली. विचारणाऱ्याला ते एवढंच सांगत, "मी बघितलं नाय. चूक माझीच." मी शेजारी बसून मान डोलवत असे.

मागच्या रविवारी ते आमच्याकडे आले होते. मी त्यांच्याजवळ सरकून, खालच्या आवाजात, सगळं सांगून टाकलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय म्हणालात?"

मी डाव्या बाजूला बसलो होतो.

उठून उजवीकडे गेलो. आता दबकं बोलणं जमेना. एकदा ऐकू गेलं नव्हतं, म्हणून मोठ्यानेच बोललो. "पाणी मी काढलं होतं. तुम्हाला खोटं सांगितलं." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तरी मी बघायला पाहिजे व्हतं," व्याही म्हणाले, पण या खेपेला आवाजात जोर नव्हता.

सूनबाई चहा घेऊन बाहेर आली. आमच्या घरात पहिला कप माझा. ती माझ्यासमोरून गेली आणि वडिलांपुढे थांबली.

"अगं, आधी इवायाला," ते गडबडले.

"घ्या, बाबा."

त्यांनी घेतला. माझ्यापर्यंत आला तोवर चहा निवला होता. मी तो आवाज न करता, सावकाश प्यायलो.