चित्रघरातली चूल

रोज सकाळी सातला वसंतभाऊंचा फोन यायचा, "चहा टाकलाय, या." त्या दिवशी त्यांच्याच फोनवरून पुतण्या बोलला, "मिस्तरीकाका, भाऊ गेले..." थापी हातात होती, तसाच खाली बसलो. दीड महिना होत आला, अजून सात वाजले की हात खिशाकडे जातो.

भाऊ लोणखेड्याच्या शेतकरी घरातले, मी शहाद्याचा रफिक गवंडी. मुंबईत आर्किटेक्ट म्हणून त्यांनी मोठमोठ्या इमारती उभ्या केल्या आणि साठीनंतर परत येऊन स्वतःच्या शेतात सातपुड्यातल्या चित्रांचं संग्रहालय बांधायला काढलं. तेही मातीच्या भिंतींचं! जन्मभर सिमेंट लावलं, म्हातारपणी या माणसानं मला चिखलात उतरवलं. ओळंबा जरा हलला की भिंत पाडायला लावायचे. मी शिव्या घालायचो, ते हसायचे.

मोठ्या दालनातली मधली भिंत, घराच्या भिंतीवर देवाची चित्रं काढणाऱ्या डोंगरातल्या वेस्ताबाबांसाठी कोरी ठेवली होती. त्या भिंतीसाठीच तर सगळा खटाटोप. बाबा आले, भिंतीवरून हात फिरवला, रंगाला शिवलेसुद्धा नाहीत. "चूल नाय इथं. कोणाच्या घरात काढू देव?" म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी भाऊ नकाशा घेऊन हजर, त्या भिंतीसमोरच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले,

"मिस्तरी, आठे चूल मांडानी शे. मी आठेच ऱ्हासू."

"येड लागनं का भाऊ तुम्हले? धुरानं चित्रं काळी व्हतीन!"

"व्हऊ दे. घरमा धूर ऱ्हासच."

खरंच तिथे राहायला खाट घेऊन आले की हो! रोज स्वतः चूल पेटवून चहा करायचे. चहा अगदी पांचट, पण मी कधी चुकवला नाही. मग बाबांनी भिंतभर देवाचे घोडे काढले. जाताना बजावून गेले, चूल विझली तर येऊन भिंत सारवून टाकीन.

भाऊंच्या तेराव्याला बाबा उतरले, डोक्यावर शेणमातीची पाटी. चूल गार पडलेली. मी काडेपेटी घेऊन चुलीपुढे बसलो. तीन काड्या वाया गेल्या, चौथीला जाळ धरला. ढसाढसा रडलो, लाज कसली... बाबा म्हणाले, "पेटवली, पण राहतो कोण?"

"मी," म्हणालो. धडधडीत खोटं. संध्याकाळी घरून गोधडी आणली आणि ते खरं केलं. बायको आठवडाभर बोलली नाही.

बाबांनी पाटी नेली नाही, दाराशीच ठेवून गेले. घोडे भिंतीवर आहेत. सकाळी सातला मी चहा टाकतो, "या" म्हणायला फोन हातात घेतो... आणि फोनवर भाऊंचं नाव दिसेपर्यंत ते गेल्याचं भान राहत नाही.